हनुवटीखालचे बोट

हर्सूलच्या मैदानावर चौदा वर्षांखालील मुलांची फुटबॉल स्पर्धा भरली की चुन्याच्या रेषा आखण्याआधी, गोलांना जाळ्या बांधण्याआधी, कडुनिंबाखाली एक टेबल मांडले जाई. त्या टेबलामागे इंद्रजीत हिवराळे सर बसत. सरांची सारी हयात पुंडलिकनगरातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून गेली होती. निवृत्तीनंतरही कडक इस्त्रीची पांढरी पँट, गळ्यातली शिट्टी आणि ठरल्या वेळेच्या आधी हजर राहण्याचा शिरस्ता त्यांनी सोडला नव्हता. स्पर्धेच्या आयोजकांनी त्यांच्यावर एकच काम सोपवले होते. खेळाडूंची वये तपासायची आणि ज्याने वय चोरले असेल त्याला बाहेर काढायचे.

आधार कार्ड, शाळेचा दाखला, जन्माचा दाखला हे सर्व सर पाहत, परंतु सर्वांत शेवटी. आधी मुलाला समोर उभे करीत. उजव्या हाताचे एक बोट त्याच्या हनुवटीखाली लावून चेहरा उजेडाकडे वळवीत आणि वरच्या ओठावर नजर ठेवीत. मग म्हणत, "अठ्ठेचाळीस म्हण." मुलाने अठ्ठेचाळीस म्हटले की आवाज फुटला आहे की नाही ते कळे. अखेरीस पोटरी चाचपीत. एवढे झाले की निकाल लागे. "बाद" हा शब्द सर अगदी हळू उच्चारीत आणि बाद झालेल्या मुलाने अंगातली क्रमांकाची जर्सी काढून त्या टेबलावर ठेवायची, असा त्यांनीच घालून दिलेला रिवाज होता. कोणी पालक कागद नाचवू लागला तर सर शांतपणे म्हणत, "कागद माणूस लिहितो. मिशी निसर्ग लिहितो."

या करारीपणामागे एक जुने शल्य होते. सर शाळकरी वयात जिल्ह्याच्या निवड सामन्यात खेळले होते. चेंडू त्यांच्या पायाला गोंदासारखा चिकटे, असे त्यांचे गुरुजी म्हणत. परंतु समोरच्या संघात मिसरूड फुटलेली, रुंद खांद्यांची पोरे होती. त्यांनी छोट्या इंद्रजीतला खांद्याच्या एकेका धक्क्यात इतक्या वेळा मातीत लोळवले, की निवड करणाऱ्यांनी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलेच नाही. ती पोरे वय चोरून आली होती, याविषयी सरांच्या मनात कधीही शंका आली नाही. त्या दिवसाचा राग त्यांनी कामाला लावला होता, आणि जिल्ह्यात सगळे मान्य करीत की हिवराळे सरांच्या टेबलावरून लबाड पोरगा पुढे सरकत नाही.

यंदाच्या स्पर्धेत त्यांचा नातू प्रणय पुंडलिकनगरच्या संघातून खेळत होता. मेघा, म्हणजे सरांची मुलगी, आणि जावई दोघेही पुण्यात नोकरीला. प्रणय शाळेसाठी आजी-आजोबांकडे राहत होता. नोंदणीच्या दिवशी तो रांगेत उभा राहिला नाही. सरांनी त्याचे नाव स्वतःच लिहून टाकले. त्यात काही वावगे आहे, असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते. हा मुलगा जन्मला तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात तेच उभे होते आणि दाईने दुपट्यात गुंडाळून तो प्रथम त्यांच्याच हातात दिला होता. त्याचे तेरावे वर्ष सरून जेमतेम दोन महिने झाले होते. जे आपल्या डोळ्यांनी पाहिले, ते तपासायचे कशाला?

उपान्त्य सामन्यात प्रणयने एकट्याने चार गोल केले. बचावपटू त्याच्या अंगावर आदळत आणि भिंतीवर आपटल्यासारखे मागे फिरत. मैदानाभोवतीची गर्दी "ए रणगाडा!" म्हणून ओरडत होती. सर टेबलामागे बसून मंद हसत होते. आपल्या पायातला तो जुना चेंडू नातवाच्या पायात उतरला आहे, असे त्यांना वाटले.

सामना संपला आणि हर्सूल संघाचे बद्रीनाथ औताडे टेबलापाशी आले. पूर्वी शेती, आता शेतीच्या जागी पाडलेल्या प्लॉटांचा व्यवहार आणि संध्याकाळी गावातल्या पोरांना फुटबॉल शिकवणे, असा त्यांचा दिनक्रम. उद्याचा अंतिम सामना त्यांच्या आणि पुंडलिकनगरच्या संघात होता.

"सर, एक हरकत घ्यायचीय," औताडे म्हणाले.

"घ्या. कोणावर?"

"दहा नंबर. तुमचा प्रणय."

टेबलाभोवती उभे असलेले चार-दोन प्रशिक्षक जवळ सरकले. सरांना आधी हसूच आले. "औताडे, तो माझा नातू आहे. त्याचं वय मला विचारा. जन्माला आला तेव्हा मी तिथं होतो."

"असाल की. पण कागद माणूस लिहितो म्हणता ना तुमी? मंग आजोबाबी माणूसच हाय." औताडे दोन्ही हात मागे बांधून उभे होते. "नोंदणीला हा रांगेत नव्हता. आमची समदी पोरं उन्हात उभी होती. आम्ही डॉक्टर-बिक्टर मागत नाय. तुमचंच बोट, तुमचाच नियम. उचला हनुवटी."

"आज माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

"लई विश्वास हाय, सर. म्हणून तर तुमालाच सांगतोय. काय, बोट दुखतंय का आज?"

कोणीतरी खुसकन हसले. सर उठले. त्यांनी प्रणयला हाक मारली. तो घामेजलेला, अजून गोलांच्या आनंदात असलेला मुलगा धावत आला आणि सरांसमोर उभा राहिला. सरांनी बोट त्याच्या हनुवटीखाली लावले. ते लावताना हात वर न्यावा लागला, हे त्यांच्या प्रथमच ध्यानात आले. चेहरा उजेडाकडे वळला. वरच्या ओठावर काळसर, दाट मिसरूड होते. गालफडे रुंदावली होती. कंठाची गाठ स्पष्ट दिसत होती.

"अठ्ठेचाळीस म्हण."

"अठ्ठेचाळीस," प्रणय म्हणाला. आवाज विहिरीतून यावा तसा भरदार होता.

रोज सकाळी ज्याच्यासमोर बसून ते चहा पीत, तो चेहरा त्यांनी आज प्रथम पाहिला होता. दिवाळीला मेघा आली तेव्हा म्हणाली होती, "अहो बाबा, याला ओळखलंच नाही मी स्टेशनवर." सरांच्या पत्नी करुणाबाईंनी वर्षात दोनदा त्याचे बूट बदलले आणि कुरकुर केली होती. हे सारे कानांवरून गेले होते. पोटरी चाचपण्याची गरज उरली नव्हती. हा मुलगा परका असता तर सरांनी केव्हाच तो शब्द उच्चारला असता.

"काय, सर?" औताडे शांतपणे म्हणाले. "निसर्गानं काय लिहिलंय?"

"उद्या सकाळी निकाल देतो," सर म्हणाले. आजवर त्या टेबलावरून त्यांनी कोणाचाही निकाल दुसऱ्या दिवसावर टाकला नव्हता.

प्रणयचा चेहरा उतरला होता. "आबा, ते काय म्हणतायत? मी वय चोरलं?"

"चल," एवढेच सर म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते त्याला घेऊन औरंगपुऱ्यात गेले. तिथे डॉक्टर रत्नमालाबाईंचा दवाखाना होता. बाई सरांच्या जुन्या विद्यार्थिनी, मुलांच्या वाढीच्या तक्रारींवर उपचार करणाऱ्या. त्यांनी प्रणयच्या डाव्या हाताचा पंजा काचेवर पालथा ठेवायला लावला, एक्स-रे काढला आणि तो दिव्यावर धरून बराच वेळ पाहिला. सरांना तेवढा वेळही फार वाटला.

"सर, हे पाहा. हाडांच्या टोकांशी या फटी असतात. वाढ संपत येते तशा त्या बुजत जातात. याच्या बऱ्याचशा बुजत आल्यात. हाडांच्या हिशेबानं हा मुलगा सोळाच्या आसपासचा आहे."

"तो तेरा वर्षांचा आहे!" सर इतक्या मोठ्याने म्हणाले की बाहेरच्या बाकावरच्या बायकांनी वळून पाहिले. "मी हातात घेतलंय त्याला! तुमचं यंत्र बिघडलंय."

"यंत्र ठीक आहे, सर. आणि तुम्हीही खरं बोलताय." डॉक्टरबाईंनी एक्स-रे खाली ठेवला. "हाड तारीख सांगत नाही. शरीर किती पिकलं तेवढंच सांगतं. एकाच झाडाला एकाच वेळी मोहर येतो, पण एखादा आंबा आधी पाडाला येतो आणि एखादा शेवटपर्यंत कच्चाच राहतो. त्यात आंब्याची लबाडी काय? या वयात एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शरीरात चार-पाच वर्षांचं अंतर असू शकतं. आधी पिकलेला उंच असतो, जड असतो, जोरात पळतो, धक्का मारला तर समोरचा उडून पडतो. लोक म्हणतात, काय खेळाडू आहे!"

"आणि मिशी? आवाज?"

"तेही त्या पिकण्याबरोबरच येतं. त्यावरून वय काढता येत नाही, सर. कोणी काढत असेल तर बऱ्याच खऱ्या मुलांना खोटं ठरवत असेल."

बाईंना सरांच्या टेबलाची माहिती नव्हती. त्या सहज बोलून गेल्या. सरांनी मात्र उजव्या हाताचे बोट मुठीत मिटून घेतले.

"आणि जो उशिरा पिकतो त्याचं काय होतं?" त्यांनी विचारले.

"तोही पिकतो की. सोळा-सतरापर्यंत बहुतेक मुलं बरोबरीला येतात, काही पुढेही जातात. तोवर त्यांना कोणी संघात ठेवलं असलं म्हणजे झालं. लहानखुऱ्यांना खेळ टिकवायला कसब शिकावंच लागतं. मोठ्यांना शिकावं लागत नाही, आणि पुढे सगळे सारखे झाले की त्यांच्या हाती काही उरत नाही." बाई हसल्या. "तुम्हाला मिशी केव्हा फुटली होती, सर?"

"कॉलेजात," सर पुटपुटले.

प्रणय बाजूला बसून सर्व ऐकत होता.

घरी सरांनी ताट बाजूला सारले. करुणाबाई म्हणाल्या, "अहो, पोरगा खरा निघाला ना? मग तोंड का असं?"

"पोरगा खरा निघाला म्हणूनच," सर म्हणाले. "करुणा, मी ज्यांना बाद केलं, त्यांच्यातही कोणी खरा असेल."

"असेल."

"आणि मला ज्यांनी पाडलं, ती पोरं? तीही कदाचित माझ्याच वयाची होती. मी त्यांच्यावर आयुष्यभर राग धरला."

करुणाबाईंनी ताट पुन्हा पुढे सरकवले.

सकाळी मैदानावर दोन्ही संघ, त्यांचे पालक आणि बरीच गर्दी जमली होती. रात्रीतून बातमी पसरली होती. सर टेबलामागे बसले नाहीत. ते टेबलाच्या पुढे येऊन उभे राहिले आणि वर्गात धडा सांगावा तशा स्पष्ट आवाजात बोलले.

"प्रणयचा एक्स-रे काढला. हाडांच्या हिशेबानं तो सोळाचा आहे. माझ्या बोटाच्या हिशेबानंही तो बाद झाला असता. आणि त्याचं वय तेरा वर्षं आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणजे हिशेबच चुकीचा आहे. माझा हिशेब. आजपासून या स्पर्धेत मी कोणाची हनुवटी उचलणार नाही. प्रणयला खेळवायचं की नाही, हे हरकत घेणाऱ्यानं ठरवावं. मी ते ठरवणार नाही."

औताडे गर्दीतून पुढे आले. "तीन वर्सांमागं हे सुचलं असतं तर बरं झालं असतं, सर."

"कोणाबद्दल म्हणताय?"

"इसरलात व्हय? बरोबर हाय, तुमच्यासमोरून लई पोरं गेली." औताड्यांनी मागे वळून हाक मारली, "सत्यम, इकडं ये रं!"

चेंडूंची जाळी खांद्यावर घेतलेला एक मुलगा पुढे आला. बेताच्या उंचीचा, मजबूत बांध्याचा. संघातल्या मोठ्या मुलांच्या शेजारी तो बुटकाच दिसत होता. "नमस्कार, सर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

आणि मग त्यांना ओळख पटली. हाच तो मुलगा. त्या वेळी संघात सर्वांत थोराड, सगळे ज्याला "चाचा" म्हणून चिडवीत. सरांनी त्याची हनुवटी उचलून त्याला सतराचा ठरवले होते. बापाने शाळेचा दाखला पुढे केला तेव्हा कागदाचे आणि मिशीचे ते वाक्य ऐकवले होते. मुलाने जर्सी काढून टेबलावर ठेवली होती, आणि ती ठेवताना त्याने तिची नीट घडी केली होती. त्या वेळी ते निगरगट्टपणाचे लक्षण वाटले होते.

"आता कितवीत आहेस?" सरांनी विचारले.

"दहावीची परीक्षा दिली आत्ता."

"उंची..."

"तेवढीच राहिली, सर. तवा जेवढी होती तेवढीच," सत्यम ओशाळून हसला. "आता चाचा कुणी म्हणत नाय."

"खेळतोस?"

"नाय. सोडलं तवाच."

औताडे म्हणाले, "त्याचं जे काय होतं ना सर, ते त्याच वर्साचं होतं. पुढं बाकीची पोरं वाढली, हा थांबला. ते एक वरीस त्याला भेटलं असतं तर चार लोकांनी वाहवा केली असती. जवळचं काय होतं ते दिसलं असतं. तुमी बोट लावलं आन् गावात बोभाटा झाला, औताड्याचं पोरगं वयचोर. माझं पोरगं, सर. माझ्या मांडीवर वाढलेलं."

सरांची नजर सत्यमच्या चेहऱ्यावरून हटेना.

"खेळू द्या तुमच्या नातवाला," औताडे शेवटी म्हणाले. "त्याला बाद करायचंच नव्हतं मला. त्याची हनुवटी उचलताना तुमचं तोंड कसं होतं, तेवढं बघायचं होतं. बघितलं. आता चला, ऊन व्हायलंय."

सरांनी दोन्ही हात जोडले, आधी बापासमोर आणि मग मुलासमोर. सत्यम गडबडून मागे सरला. "सर, असं नका करू, लोक बघायलेत," तो म्हणाला आणि जाळी सावरीत रेषेबाहेर निघून गेला.

सामना सुरू झाला. हर्सूलच्या संघात एक काटकुळा मुलगा होता. अंगातली जर्सी त्याच्या गुडघ्यांपर्यंत येत होती. पहिल्याच मिनिटात त्याने चेंडू पायाच्या आतल्या बाजूने असा ओढून घेतला की प्रणय भलत्याच दिशेने धावत राहिला. दुसऱ्यांदाही तेच. लोक हसले. तिसऱ्यांदा प्रणयने चेंडूकडे पाहिलेच नाही, नुसता खांदा लावला. नियमात बसणारा, स्वच्छ खांदा होता तो. काटकुळा मुलगा उडाला, कोपरावर पडला आणि प्रणयने मोकळ्या गोलात चेंडू मारला. "रणगाडा! रणगाडा!" गर्दी नाचू लागली. पुढचे दोन गोलही असेच झाले. तो लहान मुलगा प्रत्येक वेळी उठला, कोपर झाडले, पुन्हा चेंडू मागितला, आणि प्रत्येक वेळी पुन्हा पडला.

सर रेषेजवळ उभे होते. टाळी वाजवण्यासाठी उचललेले हात तसेच राहिले. इथे कोणीही वय चोरले नव्हते. दोघे एकाच वर्षी जन्मलेले, दोघेही खरे, पंचही खरा. तरीही जे चालले होते ते त्यांना पाहवेना. खाली पडणाऱ्या त्या मुलाच्या जागी आपण किती वर्षे उभे होतो, हे त्यांना दिसत होते. आणि या वेळी पाडणारा आपल्याच घरचा होता.

पुंडलिकनगरचा संघ जिंकला. करंडक उचलला गेला, छायाचित्रे निघाली. प्रणय त्यातून लवकर बाजूला झाला आणि बूट हातात घेऊन सरांकडे आला. त्याच्या तोंडावर विजयाची एकही खूण नव्हती.

"आबा, एक विचारू?"

"विचार."

"मी चांगला खेळतो, का नुसता मोठा आहे?"

आजवर सरांपुढे मुलगा उभा राहिला की पापणी लवते न लवते तोच निकाल तयार असे. त्यांनी प्रणयच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो रुंद चेहरा, ते मिसरूड, आणि त्यांच्या आत घाबरलेले तेरा वर्षांचे डोळे. त्यांनी मनातल्या मनात दोन-तीन उत्तरे जुळवली. एकही खरे निघाले नाही.

"मला माहीत नाही, बाळा."

प्रणय आ वासून पाहत राहिला. आजोबांच्या तोंडून हे वाक्य त्याने कधी ऐकले नव्हते. सरांनीही ते आपल्या आवाजात प्रथमच ऐकले.

"मग कळणार कसं?"

"डॉक्टरबाई म्हणाल्या तसं, सगळे बरोबरीला आले की कळेल. वर्ष-दोन वर्षं जातील."

"तोवर मी थांबू?" प्रणय बुटांच्या नाड्या ओढीत विचार करू लागला. त्याने मैदानापलीकडे पाहिले. तिथे कॉलेजची मुले आपल्या सरावासाठी अंग मोकळे करीत होती, सगळी त्याच्याएवढी किंवा त्याच्याहून मोठी. "उद्यापासून मी त्यांच्यात सराव करतो. तिथं माझा खांदा चालणार नाही."

"अरे, ते तुला पाडतील!" सरांच्या तोंडून निघून गेले. "दहा वेळा पाडतील. हाड मोडलं तर?"

"पाडू द्या ना, आबा," प्रणय म्हणाला. "पडल्यावर उठून मला चेंडू घेता येतो का, तेच तर बघायचंय."

तो बूट चढवू लागला. सर त्याच्या शेजारी, कधी नव्हे ते इस्त्रीच्या पँटीनिशी, मातीत खाली बसले.